डब्यात न पडलेला चिंचोका

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका खोलीत चला. खोली लांबट आहे, खाली शहाबादी फरशी, फरशीवर चटई. एका खिडकीला काच आहे. दुसरीची चेंडूने फुटली म्हणून तिथे पुठ्ठा लावलाय. बाहेर कडुनिंब, त्याच्यापलीकडे लोखंडी गेट. दाराबाहेर लहान लहान चपला ओळीने काढून ठेवल्यात. चटईच्या मधोमध बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आहे आणि त्याच्याभोवती तीन मुलं बसलीत. तुम्ही चौथे बसा. हात पुढे करा. हा घ्या चिंचोका. माझ्या अंगणातल्या चिंचेचा आहे, धुऊन पुसून आणलाय.

आता सांगा, तुम्हाला पूर्वी असं काय वाटायचं, जे आता वाटत नाही?

घाई नाही. तुम्ही आठवा, तोवर दिगू सांगेल.

"मी सांगतो, मी सांगतो," दिगू गुडघ्यांवर उभा राहत म्हणाला. "यो क्रेइआ के... ओलाआजी, पुढचं मराठीत सांगू?"

"सांग. मग आपण दोघं मिळून ते स्पॅनिशमध्ये नेऊ."

"मला वाटायचं, स्पेन हे बाईचं नाव आहे. सगळे म्हणायचे ना, दिगूला स्पेनला द्यायचं, दिगूला स्पेनला द्यायचं. मला वाटलं, नव्या आईचं नाव स्पेन."

आणि तो स्वतःच खो खो हसला. आमच्याकडे नियम होता. सांगणारा हसेपर्यंत बाकीच्यांनी हसायचं नाही. दिगू हसल्यावर मग सगळे हसले. मी त्याला वाक्य बांधून दिलं, त्याने ते अडखळत म्हटलं आणि हातातला चिंचोका डब्यात टाकला. टण्ण. ती समजूत गेली. ती आता दिगूची नाही, डब्याची.

नाशिकजवळच्या एका बालगृहातली ही गोष्ट, पुष्कळ वर्षांपूर्वीची. माझे यजमान बोटीवर इंजिनिअर होते, त्यामुळे आमची काही वर्षं बार्सेलोनात गेली. परत आल्यावर ते स्पॅनिश माझ्याकडे तसंच पडून होतं, जसं एखादं जाड लोकरी जाकीट नाशिकच्या कपाटात पडून राहावं. मग बालगृहाच्या कुंदाताई एक दिवस घरी आल्या. त्यांच्याकडच्या काही मुलांना स्पेनमधली जोडपी दत्तक घेणार होती. "नलूताई," त्या म्हणाल्या, "विमानातून उतरल्यावर पोराला निदान पाणी मागता आलं पाहिजे हो. तेवढं शिकवा."

मी गेले. पहिल्या दिवशी दारातून "ओला" म्हटलं. स्पॅनिशमध्ये नमस्काराला तसंच म्हणतात. मुलांनी माझ्या पदराला हात लावून बघितला, कुठे ओला झालाय ते. तेव्हापासून मी ओलाआजी.

पाणी मागायला तर ती आठवड्याभरात शिकली. भूक लागली, झोप आली, शू लागली, हेही आलं. पण बार्सेलोनात आमच्या खालच्या मजल्यावर सेन्योरा रेमेदिओस नावाची म्हातारी राहायची, तिने मला एक गोष्ट शिकवली होती. मी तिला म्हटलं होतं, "मला आता तुमची भाषा येते, मला बाजार करता येतो." ती म्हणाली, "बाजार पोपटालाही करता येईल. मला सांग, तू इथे आलीस तेव्हा तुला काय वाटायचं आणि ते कसं चुकीचं निघालं." मी खूप वेळ शब्द जुळवले आणि सांगितलं की, मला वाटायचं तुम्ही सगळे दिवसभर भांडताच, मग एकदा कळलं की मासळीबाजारात त्या दोन बायका एकमेकींना आमटीची कृती सांगत होत्या. रेमेदिओस इतकी हसली की तिला उबळ आली. त्या दिवसापासून तिच्या घरात मी पाहुणी राहिले नाही.

म्हणून माझ्या वर्गात रोज सुरुवातीला तो डबा यायचा. यो क्रेइआ के. मला वाटायचं की.

"अंबू, तू सांग."

अंबू पाच वर्षांची. तिला अजून कुठले आईवडील ठरले नव्हते, पण वर्गाबाहेर ठेवली की रडायची, म्हणून तीही बसायची. "मला वाटायचं विमान इतकंच असतं," तिने बोटभर माप दाखवलं. "मग दिगू त्याच्यात मावणार कसा?"

टण्ण.

"चैती?"

चैती आठ वर्षांची होती. दोन घट्ट वेण्या, ताठ पाठ, आणि वर्गात सगळ्यांत हुशार. ती एकदा ऐकलेला शब्द विसरायची नाही. सगळ्यांच्या चपला दाराबाहेर असायच्या. हिच्या मात्र हिच्या मांडीशेजारी, चटईवर. कुंदाताईंनी रागावून पाहिलं, गोडीने पाहिलं, उपयोग नाही. आणि बसायची ती नेहमी अशा जागी, की खिडकीतून गेट दिसावं.

"माझं अजून काही खोटं ठरलेलं नाही," चैती म्हणाली.

हे तिचं रोजचं उत्तर होतं. पहिल्या दिवशी मी दिलेला चिंचोका तिने फ्रॉकच्या खिशात ठेवला होता. दुसऱ्या दिवशी नवा द्यायला गेले, तर म्हणाली, "माझ्याकडे आहे." तेव्हापासून तोच. मी आग्रह केला नाही. मुलांच्या मुठी आपल्या आपण उघडू द्याव्यात, असं मला वाटतं.

चैतीसाठी सारागोसाजवळच्या गावातलं एक जोडपं यायचं होतं, पिलार आणि आंद्रेस. त्यांची पावाची भट्टी होती. कुंदाताईंनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं.

"कागद सगळे झालेत. पण न्यायाधीशसाहेब पोरीला एकटीला खोलीत बोलावतात आणि विचारतात, बाळ, तुला यांच्याबरोबर जायचंय का? ती नाही म्हणाली तर संपलं. आणि आठ वर्षांच्या मुलीला पुन्हा कोण विचारणार, नलूताई? सगळ्यांना तान्ही हवी असतात. ही दोघं मोठी मुलगी चालेल म्हणाली, हेच नशीब."

"नाही कशाला म्हणेल? तिच्याइतकी मेहनत कुणीच करत नाही."

"तेच तर. मला त्याचाच आनंद होतो."

आणि खरंच, चैती नुसतं मी शिकवीन तेवढं शिकत नव्हती. वर्ग संपला की थांबायची आणि आपल्याला हवे ते शब्द मागून घ्यायची.

"ओलाआजी, 'तुम्ही लांबून आलात' कसं म्हणायचं?"

मी सांगायची.

"'आधी चहा घ्या'?"

"अगं, तिकडे कॉफी पितात."

"इथे येतील तेव्हा चहाच मिळेल ना. आणि 'रागावू नका'?"

मला वाटलं, किती समजूतदार पोर. पाहुण्यांचं स्वागत करायची तयारी करतेय. एकदा तिने विचारलं, "'दुसरी मुलगी' याला काय म्हणतात?" तेही मी सांगितलं. ती ओठांतल्या ओठांत तो शब्द घोळवत पायरीवर जाऊन बसली. गेटजवळ कडुनिंबाखाली एक दगडी पायरी होती. शाळा आणि जेवण सोडलं तर चैती तिथेच सापडायची, पायांत चपला घालून.

पिलार आणि आंद्रेस आले ते एका गुरुवारी. पिलार ठेंगणी, गोल चेहऱ्याची, हातांवर भट्टीच्या चटक्यांचे जुने डाग. कुठूनतरी विकत घेतलेला पंजाबी ड्रेस घातला होता, ओढणी सारखी घसरत होती. आंद्रेस ताडमाड उंच आणि लाजरा. दारातून आत येताना त्याचं डोकं चौकटीला लागलं, तेव्हा त्याने चौकटीचीच माफी मागितली. दिगूला तो त्या क्षणी आवडला.

आधी जेवण झालं. कुंदाताईंनी थालीपीठ केलं होतं आणि ताटात कौतुकाने हिरव्या मिरच्याही ठेवल्या होत्या. मी सांगेपर्यंत आंद्रेसने एक अख्खी मिरची काकडीसारखी खाल्ली.  मग त्याच्या डोळ्यांतून नुसतं पाणी येत राहिलं.

"ताई, ते रडतायत," अंबू म्हणाली.

"आनंदाने गं," कुंदाताई म्हणाल्या आणि दह्याची वाटी पुढे सरकवली.

त्यानंतर आम्ही सगळे वर्गात बसलो. डबा मध्ये होताच. मी पाहुण्यांना खेळ समजावून सांगितला. आंद्रेसने लगेच चिंचोका मागून घेतला. नाक पुसत तो म्हणाला, "यो क्रेइआ के, लाल मिरच्याच तेवढ्या तिखट असतात." आमच्याकडे हिरव्या तळून खातात, गोड असतात, असंही त्याने सांगितलं. मी ते मराठीत सांगितलं तशी मुलं चटईवर लोळून हसली. टण्ण.

पिलार हसत होती, पण तिचं सगळं लक्ष चैतीकडे होतं. बघायचं नाही असं ठरवून ती बघत होती.

आणि चैती उभी राहिली.

तिने फ्रॉक सारखा केला. दोन्ही हात बाजूला सरळ. शाळेत मुलं कविता म्हणायला उभी राहतात तशी ती उभी राहिली आणि स्पॅनिशमध्ये बोलायला लागली, सावकाश, एकही शब्द न चुकता. तिच्या वाक्यांचा अर्थ असा होता:

"तुम्ही खूप लांबून आलात. आधी चहा घ्या. कृपा करून रागावू नका. मी येऊ शकत नाही. माझी आई यायची आहे. दुसरी मुलगी आहे, तिचं नाव अंबू. ती चांगली आहे. ती सगळं खाते. धन्यवाद."

मग ती खाली बसली आणि चपला जवळ ओढून घेतल्या.

कुंदाताईंना स्पॅनिशचं अक्षर कळत नव्हतं. त्यांनी कौतुकाने टाळ्या वाजवल्या. "बघा, किती छान बोलली. नलूताई, काय म्हणाली?"

मी सांगितलं.

त्यांचे हात तसेच हवेत राहिले. आंद्रेस मान खाली घालून चटईची काडी उकरत होता. अंबूला फक्त आपलं नाव कळलं होतं, ती खूश दिसत होती.

"चैते," कुंदाताई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या, "अगं, हे सगळं इतके दिवस तू याच्यासाठी शिकत होतीस?"

"त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं नाही तर कळणार कसं?" चैती म्हणाली. "ती दोघं इतक्या लांबून आली. मराठीत नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल."

चैती बालगृहात कशी आली, ते कुंदाताईंनी मला त्या दुपारी व्हरांड्यात सांगितलं. येवल्याचा आठवडे बाजार होता. आईने तिला एका झाडाच्या पारावर बसवलं आणि सांगितलं, इथंच बस, हलू नको, मी आलेच. बाजार उठला तरी पोरगी हलली नाही. पोलिसांनी गावोगाव चौकशी केली, पेपरात फोटो दिला, कोणी आलं नाही. "पहिले सहा महिने तर चपला घालूनच झोपायची," कुंदाताई म्हणाल्या. "आई आली आणि चपला शोधण्यात वेळ गेला तर? मला वाटलं होतं, विसरली असेल."

हे नंतरचं. त्या वेळी खोलीत कुंदाताईंनी चैतीचा हात हातात घेतला. "बाळ," त्या म्हणाल्या, "ती आली तर मी सांगेन ना तिला तू कुठे आहेस ते."

"तुम्ही रिटायर झालात तर?"

"मी आहे की," मी म्हटलं.

चैतीने माझ्याकडे पाहिलं. "ओलाआजी, तुम्ही तर आत्ताच म्हाताऱ्या आहात."

तिचं खोटं नव्हतं.

तेवढ्यात पिलारने हात पुढे केला. माझ्याकडे, रिकामा तळहात. तिला काय हवंय ते कळायला मला एक क्षण लागला. मी तिला चिंचोका दिला. तिने तो दोन बोटांत धरला, वळून चैतीकडे तोंड केलं आणि लहान मुलांना कळेल अशा सावकाश स्पॅनिशमध्ये म्हणाली, "यो क्रेइआ के तू ताम्ब्येन मे एस्पेराबास."

चैतीला अर्थ लागला. मला भाषांतर करावं लागलं नाही. पण तुमच्यासाठी सांगते. मला वाटायचं की, तूही माझी वाट बघत असशील.

पिलारने चिंचोका डब्यात टाकला. तो आवाज मला अजून ऐकू येतो, कारण त्यावर कुणी हसलं नाही. पिलारही हसली नाही. रडलीही नाही. ओढणी सावरून ती उठली आणि बाहेर गेली.

मला वाटलं, गाडीत बसायला गेली. खिडकीतून पाहिलं तर ती कडुनिंबाखालच्या पायरीवर बसली होती, गेटकडे तोंड करून.

चैती दचकली. "ती माझ्या जागेवर का बसली?"

"तूच विचार," मी म्हटलं.

चैती चपला घालून गेली. थोड्या वेळाने मीही एक खुर्ची घेऊन झाडाच्या दुसऱ्या बाजूला बसले, कुणाला शब्द अडला तर असावं म्हणून. तोवर चैती पिलारशेजारी बसली होती, दोघींमध्ये पायरीची हातभर जागा मोकळी होती.

पिलारने विचारलं होतं, मी तुझ्याबरोबर थांबू का? आणि चैतीने बराच विचार करून उत्तर दिलं होतं, बोलायचं नाही, रस्त्यावर लक्ष ठेवायचं.

"कशी दिसते तुझी आई?" पिलारने खालच्या आवाजात विचारलं.

"हिरवं लुगडं. नाकात मोरणी. उंच." चैती थांबली. "मी लहान होते. कदाचित मलाच उंच वाटली असेल."

मोरणी काय ते पिलारला कळेना, तेव्हा मी माझ्या नाकाला हात लावून दाखवलं. तिने मान हलवली आणि रस्त्याकडे पाहत बसली.

दुसऱ्या दिवशीही ती आली. तिसऱ्या दिवशीही. आंद्रेस दिगूबरोबर चेंडू खेळायचा, पुठ्ठा लावलेल्या खिडकीला त्याने मुलांच्या मदतीने काच आणून बसवली. कुंदाताईंची मात्र घालमेल चालली होती. "अहो, सोमवारी कोर्ट आहे," त्या मला म्हणाल्या. "त्या बाईला सांगा, पोरीला जरा बाहेर न्यावं, खेळणं घ्यावं, आईस्क्रीम द्यावं. नुसतं पायरीवर बसून काय होणार?"

मी पिलारला ते सांगितलं. ती म्हणाली, "तिला आईस्क्रीम नकोय."

रस्त्यावरून हिरव्या लुगड्यातल्या बाया जायच्या. दूध घालायला, मळ्यात द्राक्षं तोडायला. प्रत्येक वेळी चैती मान उंच करायची आणि पुन्हा खाली आणायची. मी पाहिलं, पिलारही तसंच करायला लागली होती. दोन माना बरोबर वर, दोन माना बरोबर खाली.

रविवारी सकाळी गेटाशी एक बाई थांबली. हिरवं लुगडं, उंच बांधा, डोक्यावर कसलासा भारा, त्यामुळे चेहरा सावलीत. तिने गेटची कडी वाजवली आणि आत पाहून म्हणाली, "कोणी हाय का?"

चैती जागची हलली नाही. 

उठली ती पिलार. तिने ओढणी खांद्यावर नीट घेतली, केसांवरून हात फिरवला, ड्रेसची मागची धूळ झटकली. आपल्या घरी कुणी मानाचं माणूस आलं की बाई करते ते सगळं तिने केलं आणि गेटपर्यंत जाऊन कडी काढली.  कडी लगेच निघेना.

बाईने डोक्यावरचा भारा खाली ठेवला. "केरसुण्या घ्यायच्या का, बाई? शिंदीच्या हायेत."

चेहरा उन्हात आला. साठीच्या पुढची म्हातारी होती. नाकात काही नव्हतं.

पिलारने वळून चैतीकडे पाहिलं. "नो?"

"नो," चैती म्हणाली.

आतून हौसाबाई स्वयंपाकीण आल्या आणि केरसुण्यांचा भाव करायला लागल्या. पिलार परत आली आणि पायरीवर बसली. तिने तोंडावरून हात फिरवला. चैती बराच वेळ तिच्याकडे बघत होती. रस्त्याकडे नाही, तिच्याकडे. त्या दिवसांत मी पहिल्यांदाच चैतीला गेटकडे पाठ केलेलं पाहिलं.

"तुला भीती वाटली?" तिने विचारलं.

"हो."

"कशाची?"

"ती असती तर तू तिच्याबरोबर गेली असतीस."

"मग तू उठलीस कशाला?" चैतीला ते खरंच कळत नव्हतं. "कडी काढली नसतीस तर ती आत आली नसती."

पिलारने शब्द शोधले. तिला चैतीला येणारे शब्द हवे होते. शेवटी ती म्हणाली, "तुझी आई येणार आणि मी बसून राहणार? असं कसं चालेल?"

 चैतीने समोरची माती पायाच्या अंगठ्याने उकरली. केरसुणीवाली भारा डोक्यावर घेऊन निघून गेली, गेट पुन्हा लागलं. आतून थाळी वाजल्याचा आवाज आला, जेवणाची वेळ झाली होती. दिगू आंद्रेसचं बोट धरून धावत आत गेला. कुंदाताई व्हरांड्यातून हाक मारणार होत्या, मी त्यांना हाताने थांबवलं.

"तुमच्या गावाला रस्ता दिसेल अशी पायरी आहे?" चैतीने विचारलं.

"भट्टीच्या दारात आहे. पहाटे मी तिथेच बसते, पाव फुगेपर्यंत."

"रस्त्यावरून माणसं जातात?"

"सगळी जातात. पाव घ्यायला सगळेच येतात."

चैतीने खिशात हात घातला आणि चिंचोका बाहेर काढला. इतके दिवस खिशात राहून तो गुळगुळीत झाला होता. मला वाटलं, आता ती डबा मागेल. मी उठायलाही लागले होते.

तो डबा आजही माझ्या कपाटात आहे. त्यात दिगूचं स्पेन आहे, अंबूचं बोटभर विमान आहे, आंद्रेसची मिरची आहे, पिलारचाही चिंचोका आहे. चैतीचा नाही. कारण तिने पिलारचा हात उलटा केला, चिंचोका तिच्या तळव्यावर ठेवला आणि एकेक करून तिची पाची बोटं त्याच्यावर मिटवली.

"हा डब्यात टाकायचा नाही," ती स्पॅनिशमध्ये म्हणाली. "हा जपून ठेवायचा. तुझ्याजवळ."

पिलारने मूठ छातीशी धरली.

मग चैती वाकली. तिने पायांतल्या चपला काढल्या, एकमेकींवर आपटून त्यांची माती झाडली आणि पायरीवर शेजारी शेजारी मांडून ठेवल्या, गेटमधून आत येणाऱ्याला पहिल्यांदा त्याच दिसतील अशा. एक पाऊल मागे जाऊन त्या नीट दिसतात की नाही ते तिने पाहिलं. डावी जराशी तिरकी होती, ती सरळ केली. आणि पिलारच्या मिटल्या मुठीवर आपला हात ठेवून, तापलेल्या अंगणातून अनवाणी, ती तिला जेवायला आत घेऊन गेली.